पाणी कोण भरणार?

मे महिन्यात नागपूरकर एकमेकांना ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. कसे आहेत ते दिसतच असतं. विचारतात ते ‘आज किती?’ हा प्रश्न सोन्याच्या भावाचा नाही की सामन्यातल्या धावांचा नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समोरचा ‘45.2’ म्हणतो, आणि त्यातला शेवटचा दोन इतक्या सावकाश उच्चारतो की त्या दोनात त्याचा स्वतःचा काही हातभार असावा.

सकाळच्या पेपरात विदर्भातल्या गावांच्या तापमानाची चौकट येते. ती आमच्याकडे वाचली जात नाही, तपासली जाते. अकोला पुढे गेलं का? चंद्रपूरने किती केले? ही ब्रह्मपुरी मध्येच कुठून आली? आपलं गाव चौथ्या क्रमांकावर गेलेलं दिसलं की चहा बेचव लागतो. एवढं भाजून निघायचंच आहे तर निदान पहिला नंबर तरी मिळावा, इतकी साधी अपेक्षा. दप्तरी नोंद बघाल तर नागपूरचा उच्चांक 47.9 अंशांचा, 23 मे 2013 चा. पण 2024 च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. त्या संध्याकाळी आमची मान काय ताठ होती! देशभरातले नातेवाईक फोन करून विचारत होते आणि आम्ही ‘हो ना, आज जरा जास्तच आहे’ असं विनयाने सांगत होतो. मग हवामान खात्याने खुलासा केला की यंत्राचा सेन्सर बिघडला होता, बाकीच्या केंद्रांवर पारा नेहमीसारखा चाळिशीतच होता. यंत्रालाही ऊन लागू शकतं, हे माणुसकीच्या दृष्टीने कुणी लक्षातच घेतलं नाही.

अशा गावात एसीशिवाय राहायचं तर पहिलं पथ्य खिडक्यांचं. पुण्याहून आलेला पाहुणा भर दुपारी खोलीत शिरला की आधी खिडकी उघडतो. ‘जरा हवा येऊ दे,’ म्हणतो. हवा ही चांगली गोष्ट असते अशी त्याची समजूत आहे, आणि त्याच्या गावी ती खरीही असेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी येणारी हवा राजस्थानकडून निघून, वाटेत कुठेही सावलीला न थांबता थेट आपल्या दिवाणखान्यात आलेली असते. तिला आत घ्यायचं नसतं. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे बंद, आणि दिवेलागणीनंतर सगळं उघडं. मधले दहा-बारा तास घरात अंधार. दुपारी दार वाजवून आत आलेल्या माणसाला दोन मिनिटं काही दिसत नाही. तो चाचपडत सोफ्यावर बसतो, आणि बरेचदा तिथे आधीच कुणीतरी झोपलेलं असतं.

‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ असा सल्ला पेपरात छापून येतो, तो लिहिणाऱ्याने नागपूरची दुपार बघितलेली नाही. त्या वेळात रस्त्यावर असतात फक्त डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवलेले स्कूटरस्वार. बाप पोराला ओळखत नाही, पोरगा बापाला ओळखूनही ओळख देत नाही. बाहेर निघणाऱ्याच्या खिशात आई एक कांदा टाकते. खिशातल्या कांद्यामुळे ऊन कसं लागत नाही ते आजवर मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण कांद्याशिवाय घराबाहेर पडू दिलं जात नाही, म्हणजे कांदा हा एक प्रकारचा पासपोर्ट आहे. शिवाय सिटी बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वारा लागतो. एवढा फायदा मी स्वतः अनुभवलेला आहे.

पण ही सगळी किरकोळ कलमं. मुख्य दैवत कूलर.

होळी झाली की एखाद्या रविवारी घरातल्या पुरुषांची नजर गच्चीकडे वळते. तिथे तो ताडपत्रीखाली बसलेला असतो. पत्र्याचा, चौकोनी, तीन बाजूंना ताट्या, चौथ्या बाजूला पंखा. चार माणसांनी उचलून तो खाली आणायचा असतो आणि जिन्याच्या वळणावर तो अडकतो. दरवर्षी अडकतो. मागच्या वर्षी तो याच वळणावरून वर गेला होता, म्हणजे खाली येणं शक्य आहे, हे गणिताने सिद्ध होतं. पण तेव्हा तो आडवा होता की तिरपा, यावर चौघांची चार मतं असतात आणि पाचवं मत खालच्या मजल्यावरचे काकाजी दारात बनियनवर उभं राहून देत असतात. ‘थोडा डावीकडे घे ना बे! तुह्या डावीकडे नाही, माह्या डावीकडे!’

खाली आला की त्याची डागडुजी. तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला असतो. भोकं एमसीलने बुजवायची, वरून डांबर फासायचं. पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फरशीवर ओल कुठे आहे ते शोधायचं. मग ताट्या. गेल्या वर्षीच्या ताट्यांतला वुडवूल बोअरच्या पाण्याच्या क्षाराने पांढरा आणि कडक झालेला असतो, तो उपसून टाकायचा. मार्चपासून रस्त्याच्या कडेला ताट्या भरून देणारे बसतात. लाकडाच्या कुरळ्या पातळ सालींचा ढीग एका बाजूला, वाळ्याच्या मुळ्यांचा छोटा ढीग दुसऱ्या बाजूला. हा छोटा ढीग महाग, त्यामुळे तो बरेचदा वास घेण्यापुरताच असतो. कारागीर चौकटीवर जाळी ठेवतो, मूठ मूठ वुडवूल सोडवून पसरतो, वरून दुसरी जाळी दाबून तारेचे टाके घालतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ‘चांगलं दाबून भरा हो भाऊ’ म्हणत असतं, कारण जास्त माल म्हणजे जास्त थंडावा हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. ‘इतकं दाबलं तं हवा कुठून येईन काकाजी?’ कारागीर मान वर न करता विचारतो. त्याचंच खरं आहे. घट्ट भरली तर हवा आत येत नाही, विरळ भरली तर कोरडी तापलेली हवा तशीच आत शिरते.

ताटीच्या वर भोकं पाडलेली एक नळी असते, तिच्यातून पाणी झिरपतं. ही भोकं क्षाराने बुजतात. एक जरी बुजलं तरी त्याच्याखाली ताटीवर वरपासून खालपर्यंत एक कोरडी पट्टी उमटते आणि तेवढ्या पट्टीतून गरम हवेची धार येते. आणि खोलीत कुणीही कुठेही बसलेलं असो, ही धार बरोबर घरातल्या सर्वांत तापट माणसाच्या कानाशी जाते. मग उदबत्तीची काडी घेऊन भोकं मोकळी करायचं काम निघतं. त्याआधी प्लग काढायचा, पायात रबरी चप्पल घालायची. ओला पत्रा आणि वीज यांची गाठ पडून दर उन्हाळ्यात विदर्भात कुणीतरी जातं. इथे मात्र विनोद नको.

चालू करण्याचीही रीत आहे. आधी पंप, मग पंखा. ताट्या भिजायच्या आत पंखा लावला तर पहिली पाच मिनिटं वर्षभराची धूळ तोंडावर बसते. एकदा का पाणी खाली उतरलं, नव्या वाळ्याचा तो ओला मातकट वास खोलीत पसरला, की घरात कुणीच काही बोलत नाही. नुसते डोळे मिटून बसतात. वर्षभर देवघरात न साधलेली एकाग्रता तिथे साधते.

यात जे घडतं ते इतकं सोपं आहे की त्याचे पैसे पडतात याचंच नवल वाटतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी हवेतून ओढून घेतं, हवा गार होते. एक लीटर पाणी वाफ होऊन उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात चुलीवर सातेक लीटर पाण्याला उकळी फुटेल. घाम, माठ, ओला पंचा, सडा घातलेलं अंगण आणि कूलर, सगळ्यांची युक्ती एकच. अट एवढीच की हवा कोरडी हवी. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आलेली असते. त्या हवेला पाण्याची एवढी तहान असते की धड चालणारा कूलर 44 अंशांची हवा 28 च्या आसपास आणून सोडतो. मुंबईला हे जमत नाही. आमच्या एका मुंबईकर आत्येभावाने इथला थंडावा बघून हौसेने तिकडे कूलर नेला. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की आणखी प्यायला ती तयार होईना. खोली तीन-चार अंशांनी निवली, पण डब्यातले पापड मऊ पडले, मिठाचा गोळा झाला आणि कपाटाचं दार फुगून बसलं ते दिवाळीपर्यंत उघडलं नाही. त्यात त्याचे लग्नाचे सूट होते.

पुण्याच्या पाहुण्याने आता खिडकी बंद केलेली असते. पण कूलर सुरू झाला की तो उठून समोरचं दारही बंद करतो. ‘थंड हवा बाहेर जातेय ना!’ त्याला सांगावं लागतं की मामा, इथे हवा कोंडायची नसते, जाऊ द्यायची असते. कूलर खिडकीत, आणि समोरचं दार हातभर उघडं. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. दार लावलं तर तासाभरात खोलीत मुंबई होते. मामा मान डोलावतात आणि आपण पाणी आणायला आत गेलो की दार लावून घेतात. एसीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला उघड्या दाराचा थंडावा पटतच नाही.

एसीवर माझा राग नाही. आमच्या घरात तो नसण्यामागे तत्त्वबित्त्व काही नाही, आजोबांच्या काळातलं वायरिंग आहे. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या घरात जातो, कूलर दोनशेच्या आसपास भागवतो. हे वायरिंग दोनशेपर्यंत साथ देतं, पुढे धूर देतं. शेजारच्यांनी मात्र एसी लावलाय आणि त्याचं बाहेरचं धूड आमच्या खिडकीकडे तोंड करून बसवलंय. त्यांच्या खोलीतला उकाडा दिवसभर आमच्याकडे येत असतो. तक्रार करायला गेलं की ते आत बोलावतात, बसा म्हणतात, आणि त्या गारव्यात दहा मिनिटं बसलं की तक्रारीचं टोकच बोथट होतं. मी हल्ली वरचेवर तक्रारीला जातो.

कूलरपुढे बसण्याचा एक क्रम असतो, तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडत नाही. अगदी समोरची जागा घरातल्या ज्येष्ठांची. ते आल्यावर पोरांनी न सांगता सरकायचं. जावई आला तर ज्येष्ठही अर्धा हात सरकतात, उन्हाळ्यातल्या मानपानाचा हा कळस. बाहेरून तापून आलेल्याला पाच मिनिटं थेट झोत, मग त्याने आपणहून बाजूला व्हायचं. काही जण मोबाइल बघण्याचं निमित्त करून तिथेच मुरतात. त्यांच्याकडे सगळं घर बघत असतं. कूलरचा पंखा इतका आवाज करतो की समोर बसलेल्याला मागचं काही ऐकू येत नाही, आणि टोमणे मारण्याची ही उत्तम सोय आहे. दुपारचं आमच्या घरातलं संभाषण सगळं टिपेच्या सुरात चालतं. सासू-सुनांचा वाद आहे असं खालच्यांना वाटतं, प्रत्यक्षात त्या ‘चहा घेणार का’ एवढंच विचारत असतात.

आणि अशात तो आवाज बदलतो. पाण्याचा झिरमिर आवाज थांबतो, पंप कोरडा घरघरायला लागतो आणि वारा हळूहळू कोमट होत जातो. सगळ्यांना कळलेलं असतं. कुणी हलत नाही. बाबांचे डोळे मिटलेले राहतात, थोरला पुस्तकाचं पान उलटतो, जावई तर पाहुणाच. शेवटी कोणीतरी छताकडे बघत म्हणतं, ‘पाणी संपलं वाटते.’ यातलं ‘वाटते’ फार महत्त्वाचं. संपलं असं ठामपणे म्हटलं तर उठावं लागतं.

‘मी सकाळी भरलं होतं.’

‘मी काल दोनदा भरलं.’

‘त्याले सांग ना, तो कावून बसून राहिला?’

‘मी अभ्यास करून राहिलो ना!’

अभ्यास करणारा दहावी होऊन सुट्टीत असतो. अखेर बादली त्याच्याच हातात येते, कारण तो धाकटा. चाळीस-पन्नास लीटरची टाकी, नळाला दुपारी धार नाही, म्हणजे हौदातून बादल्या. तो येईपर्यंत, भरेपर्यंत, कूलर पुन्हा गार व्हायला लागेपर्यंत सगळे कूस बदलून झोपलेले असतात आणि समोरची जागा गेलेली असते. कूलरचा वारा ज्याला लागतो आणि कूलरचं पाणी जो भरतो ती माणसं वेगवेगळी असतात. मी पाहिलेल्या सगळ्या घरांत हे असंच आहे.

आणि ही रीत आजची नाही. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत अकबराच्या खसाच्या खोल्यांचा उल्लेख आहे. वाळ्याच्या मुळ्यांच्या भिंती करायच्या, त्यांवर पाणी मारायचं, आत ऐन उन्हाळ्यात हिवाळा. सोरा घालून पाणी गार करण्याचीही तिथे नोंद आहे. बादशहाने काय काय हुकूम दिले ते सगळं सापडतं. त्या भिंतींवर दिवसभर पाणी कोण मारत होतं त्याचं नाव नाही. पुढे साहेब आला. त्याने दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि भिस्तीला पखाल घेऊन बाहेर उन्हात उभं केलं. छताला झालरीचा पंखा टांगला, त्याची दोरी व्हरांड्यातल्या माणसाच्या हातात, आणि हात दुखले की पायाच्या अंगठ्याला. एकोणिसाव्या शतकात त्याने थर्मँटिडोट नावाचं एक भलं मोठं लाकडी खोकं काढलं. बाजूंना ओल्या ताट्या, आत फिरणारे पंख. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पाणी ओतायचं, तिसऱ्याने आत झोपायचं. आपल्या कूलरचा हा खापरपणजोबा. पुढे दांडा फिरवणाऱ्याची जागा विजेने घेतली. झोपणाऱ्याची जागा घ्यायला घरोघरी उमेदवार तयार होते. पाणी ओतणाऱ्याची जागा मात्र अजून भरायची आहे.

एवढं करूनही नागपूरने साहेबाला नमवलंच. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळा लागला की सरकार फायली बांधून पचमढीला जात असे. आपल्या लोकांनी यातून योग्य तो बोध घेतला. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे घ्यायचं ठरलं, आणि ते होतं हिवाळी. लोकप्रतिनिधी डिसेंबरात येतात, संत्री खातात, स्वेटर घालून वैदर्भीय जनतेच्या प्रश्नांवर बोलतात आणि ‘काय छान हवा आहे हो तुमच्याकडे’ असं म्हणून परत जातात. माझी साधी मागणी आहे. एक अधिवेशन 25 मेला सुरू करावं. कामकाज फार झटपट उरकेल आणि सभात्याग करून बाहेर पडायची कुणाची छाती होणार नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एक खोली राहून जाते, स्वयंपाकघर. तिथे कूलर नसतो. पंखा असतो, पण पोळ्या करताना तो बंद ठेवावा लागतो, नाहीतर गॅस फडफडतो. ‘उन्हाळ्यात हलका आहार घ्या’ म्हणणाऱ्यांनी तो हलका आहार कुठे शिजतो ते एकदा बघून यावं. त्यात मे म्हणजे वाळवणाचा महिना. गव्हाचा चीक पहाटे अंधारात शिजवायला घ्यायचा, हाताला फोड येईपर्यंत हाटायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरड्या घालून खाली यायचं. पापड, सरगुंडे वेगळेच. वर लग्नसराई, वर सुट्टीला आलेली भाचरं, वर आंब्याचा रस, आणि रसासोबत घडीच्या पोळ्या गरमच लागतात हा समस्त पुरुषवर्गाचा शास्त्रीय सिद्धान्त. आई बारा वाजता स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि दारात क्षणभर थांबते. कूलरसमोर सहा माणसं आडवी पडलेली. ‘काय ऊन आहे बाप्पा आज!’ त्यातला एक जण तिलाच सांगतो. माझ्या बायकोने यावर एक उपाय काढलाय. ती दुपारी बाराच्या ठोक्याला येते, प्लग काढते, कूलरला चाकं आहेत ती वापरून तो स्वयंपाकघराच्या दाराशी ढकलत नेते आणि तिथल्या सॉकेटला लावते. मागून सहा माणसं उशा घेऊन निमूट चालत जातात. त्यांतल्या दोघांना तिने कणीक मळायला लावलेलं मी पाहिलं आहे. दुसरा कोण होता ते मी सांगणार नाही.

पिण्याच्या पाण्याचं खातं माठाकडे. माठ घेताना तो बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजला तर चांगला भाजलेला, बद्द वाजला तर चिरलेला. आता बाजारात रंगवलेले, वेलबुट्टीचे, तोटी बसवलेले माठ येतात. ते फार सुंदर दिसतात आणि त्यांतलं पाणी नळाइतकंच कोमट राहतं, कारण रंगाने त्यांची सगळी छिद्रं बुजलेली असतात. माठाला पाझरायलाच हवं. त्याच्या अंगावर ओलं फडकं, खाली वाळू, आत वाळ्याची जुडी. इथेही तोच प्रश्न येतो. आमच्या माठात कायम अर्धा पेला पाणी उरलेलं असतं. शेवटचा पेला घेईल त्याने माठ भरायचा असा घरचा नियम आहे, म्हणून शेवटचा पेला कुणी घेतच नाही. लोक अर्ध्या पेल्यावर तहान भागवतात. अशा वेळी माझ्या पोरांचा संयम पाहून ऊर भरून येतो.

अंघोळीची आणखी तऱ्हा. गच्चीवर काळी टाकी. दुपारी तीन वाजता नळ सोडला तर चहाची पूड तेवढी टाकायची बाकी असते. पण न्हाणीघरातला गीझर बंद असतो, आत सावलीत असतो आणि त्याच्या टाकीला उष्णता आत-बाहेर जाऊ नये असं वेष्टण असतं. त्यामुळे कालचं निवलेलं दहा-पंधरा लीटर पाणी त्यात बसलेलं असतं. म्हणजे मे महिन्यात गार पाण्यासाठी लाल खुणेचा नळ सोडायचा आणि गरम पाण्यासाठी निळ्या खुणेचा. नवख्या पाहुण्याला हे सांगायचं राहून जातं. आतून ओरडण्याचा आवाज आला की आठवतं.

संध्याकाळी सूर्य मावळतो, पण स्लॅबची पाळी तेव्हा सुरू होते. दिवसभर प्यायलेलं ऊन ती सावकाश खाली सोडते. पंखा लावला की ते खोलीत माणशी समान वाटलं जातं. माती-विटांच्या जाड भिंती आणि वर कवेलू असलेल्या घरांत हा त्रास कमी होता, ती घरं पाडूनच आम्ही स्लॅब घातली. आता त्याच स्लॅबवर चुन्याचा हात मारा, हिरवी जाळी बांधा, ओली पोती पसरा, असे उपाय करत बसतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की पहिल्या बादलीचं पाणी बघता बघता नाहीसं होतं, दुसरीचं थोडं रेंगाळतं, तिसरीनंतर पाय टेकवता येतो. मग गाद्या. पूर्वी सगळा मोहल्ला गच्चीवर झोपायचा. या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा, अमक्याच्या मुलीला बघायला आलेत तिथपासून तमक्याच्या घोरण्यापर्यंत सगळ्या गोष्टी उघड्यावर. आता फ्लॅट झाले, गच्चीला कुलूप आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. ते स्वतः एसीत झोपतात, त्यामुळे रात्री फोन उचलत नाहीत.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. हे नऊ दिवस तापलेच पाहिजेत, नाहीतर पाऊस रुसतो, अशी इथली श्रद्धा. त्यामुळे या दिवसांत उकाड्याविरुद्ध बोलायचीही चोरी होते. मध्येच ढग आले, दोन थेंब पडले आणि कुणी ‘बरं वाटलं’ म्हणालं, की काकाजी डोळे वटारतात. ‘बरं काय वाटलं? सोयाबीन काय कूलरमध्ये पेरता?’

मग जून येतो, आभाळ भरतं, नागपूरचे लोक ज्यासाठी जीव मुठीत धरून बसलेले असतात ते येऊ घातलेलं असतं, आणि नेमका तेव्हा कूलर दगा देतो. हवेत ओल आली, आता ती पाणी घेईना. पारा 38 वर उतरलेला असतो, पेपरवाले दिलासा म्हणतात, आणि घरात नुसती चिपचिप. 45 ला जो माणूस शांतपणे झोपत होता तो 38 ला रात्रभर बसून असतो. मुंबईचा आत्येभाऊ फोनवर विचारतो, ‘काय, सुटलात ना?’ त्याला काय सांगायचं? चार दिवस त्याच्या गावात राहतोय, एवढंच.

पाऊस लागला की कूलरचं नेमकं काय करायचं हे ठरता ठरत नाही. वर न्यायला चार माणसं लागतात आणि जिन्यातलं ते वळण आहेच. बरेच जण तो खिडकीतच ठेवतात, वर प्लास्टिक बांधतात. ऑगस्टात महापालिकेचा माणूस येऊन तळाच्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का बघून जातो आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, कारण पाणी भरायचं कुणाचं हे जसं ठरलेलं नव्हतं तसं उपसायचं कुणाचं हेही ठरलेलं नव्हतं. खालच्या काकाजींच्या कूलरची कथा पुढची आहे. त्यांनी तो असाच ठेवला, ताट्या कुजल्या, आणि एका पावसाळ्यात डाव्या ताटीतून पिंपळाचं रोप वर आलं. पिंपळ कोण उपटणार? काकूंनी तर हात लावायची सक्त मनाई केली. पंप जळला, पंखा भंगारवाल्याने नेला, काकाजींनी नवा प्लास्टिकचा कूलर आणून हॉलमध्ये ठेवला. त्यात पाणी कुणी भरायचं यावरून त्यांच्याकडे रोज दुपारी भांडण होतं, आम्हाला वर स्पष्ट ऐकू येतं. जुन्या कूलरमध्ये मात्र घरातली चारही माणसं सकाळी अंघोळ झाल्या झाल्या, न सांगता, एकेक तांब्या पाणी घालतात.